उचल, मजुरी आणि जीवाचे स्वातंत्र्य

॥ सर्वज्ञ श्रीचक्रधराय नमः ॥

ब्रह्मविद्याशास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ सांगितले आहेत. हे चारही अनादी असून परस्परांहून भिन्न आहेत. त्यांपैकी परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध आणि जीव बद्धमुक्त, ही परिभाषा आपल्या उपदेशी मंडळीस नवीन नाही. जीवाला अनादी अविद्येचा संबंध आहे म्हणून तो बद्ध. परंतु परमेश्वराच्या ज्ञानाने तो सुटू शकतो म्हणून मुक्तीस योग्य. देवतेला ही योग्यता नाही, आणि परमेश्वराला मुळात बंधच नाही. बंध आणि सुटका ही दोन्ही ज्याच्या ठायी संभवतात असा पदार्थ एकच, तो म्हणजे जीव.

हा विचार आपण निरूपणात ऐकतो आणि बहुधा तेथेच ठेवून उठतो. प्रस्तुत लेखात तो एका व्यावहारिक प्रश्नाला लावून पाहावयाचा आहे. जो मनुष्य पोटासाठी दुसऱ्याचे काम मजुरीने करतो, तो ते स्वतंत्रपणे करतो की परतंत्रपणे? मजुरीचा दर त्याने मान्य केला, आगाऊ रक्कम हाती घेतली, कागदावर अंगठा उमटविला. एवढ्यावरून तो स्वेच्छेने कामास आला असे म्हणता येईल काय? आणि येत नसेल, तर त्याला कामास लावणाऱ्याच्या माथी काही दोष येतो काय?

भिक्षुकाला या प्रापंचिक खटाटोपाशी काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल. तिचे समाधान सोपे आहे. भिक्षुकाच्या झोळीत पडणारी भाकरी कोणाच्या तरी श्रमाची असते. आणि आपले वासनिक बंधू एक तर स्वतः मजुरी करतात, किंवा मजूर लावून शेती-व्यापार करतात. तेव्हा हा प्रश्न आपल्या आचाराच्या बाहेरचा नाही.

उसाच्या फडावरील व्यवहार

सोनपेठ तालुका गोदावरीच्या काठचा, परभणी जिल्ह्याच्या दक्षिण-पश्चिमेस, बीड जिल्ह्याला लागून आहे. नदी जवळ असूनही पुष्कळ शिवार पावसावरच अवलंबून असते. तालुक्यात ऊस आहे, सायखेड्यास साखर कारखानाही आहे. तरीही दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागातून, तसेच शेजारच्या परळी, माजलगाव, धारूर, गंगाखेड या तालुक्यांच्या तांड्यांवरून आणि वस्त्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांकडे, कित्येक तर कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे निघतात. त्या परततात ते गुढीपाडव्याच्या मागेपुढे. मार्गशीर्षात श्रीदत्तात्रेय प्रभूंचा अवतारदिन येतो तेव्हा गावोगावच्या मंदिरांत या घरांतील माणसे दिसत नाहीत, ती याच कारणाने.

या व्यवहाराची रीत अशी आहे. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पावसाळ्याच्या दिवसांत, जेव्हा घरात धान्य सरलेले असते, लेकीचे लग्न किंवा दवाखान्याचे देणे डोक्यावर असते, तेव्हा मुकादम कोयत्याला ‘उचल’ देतो. ही उचल म्हणजे येणाऱ्या हंगामाची आगाऊ मजुरी. मुकादमाने ती वाहतूक ठेकेदाराकडून किंवा कारखान्याकडून आणलेली असते. पुढे टनामागे जो दर ठरलेला असेल त्या दराने तोडणी मोजली जाते आणि उचल फिटेपर्यंत मजुरी तिच्यात वळती होते. एखाद्या दिवशी काम बुडाले तर ‘खाडा’ धरला जातो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर मिळत नाहीच, उलट दंड कापला जातो. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर उरलेला आकडा पुढच्या वर्षाच्या नावे चढतो. पहाटे अंधारात फडात उतरावयाचे, दिवसभर तोडून मोळ्या बांधावयाच्या, आणि रात्री अपरात्री वाहन आले की ते भरावयाचे. निजण्यास पाचटाची कोपी. लहान मुले बरोबर असतात किंवा गावी म्हाताऱ्यांजवळ राहतात, आणि दोन्ही ठिकाणी त्यांच्या शाळेची हेळसांड होते.

तोडणीचा दर मजूर संघटना आणि साखर संघ यांच्या वाटाघाटींतून ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ही वाढ योग्यच होय. परंतु तिने दर बदलला, रीत बदलली नाही. उचल, खाडा आणि वळती ही तिन्ही जागच्या जागी आहेत. म्हणून आपला प्रश्नही जागच्या जागी आहे.

पहिला पूर्वपक्ष : मान्य केले म्हणून स्वतंत्र

पूर्वपक्ष असा मांडतात की, मजुराला कोणी बांधून नेले नाही. मुकादम दारात आला, रक्कम बोलला, मजुराने ती मोजून घेतली. पूर्वीचा वेठबिगार निराळा. त्याला विचारीतच नसत. याला तर विचारले आणि त्याने होकार दिला. मग परतंत्रता कोठे?

या पक्षात काही तथ्य आहे आणि ते नाकारू नये. वेठ आणि मजुरी यांत भेद आहे. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या तेलुगू मुलुखात ‘भगेला’ नावाची पद्धत होती. थोड्या कर्जापायी मनुष्य सावकाराच्या शेतावर वर्षानुवर्षे राबे. आपल्याकडे सालगड्याची पद्धत होती. पाडव्याला साल धरावयाचे आणि वर्षभर मालकाच्या दाराशी राहावयाचे. १९७६ साली वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा झाला. त्याच्या व्याख्येत देशभरच्या अशा पद्धतींची नावे दिली आहेत, त्यांत भगेल्याचेही नाव आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या कायद्याने वेठीचे लक्षण ‘मारून मुटकून आणणे’ एवढेच केले नाही. आगाऊ रक्कम घेतल्यामुळे जो अत्यल्प मजुरीवर राबतो, किंवा दुसरीकडे काम करण्याची अथवा मोकळेपणी कोठे जाण्याची ज्याची मुभा जाते, तोही वेठीतच धरला आहे.

पुढे १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायमूर्ती भगवती यांच्या निर्णयात घटनेच्या २३ व्या कलमातील सक्तीच्या श्रमाचा अर्थ विशद झाला. बळजोरी ही केवळ दंडुक्याची किंवा कायद्याची नसते. भूक आणि दारिद्र्य यांच्या रेट्याने, दुसरा मार्गच न उरल्यामुळे, जो मनुष्य किमान वेतनापेक्षा कमी दराने काम पत्करतो, त्याचे श्रमही सक्तीचे होत, असा त्या निर्णयाचा आशय आहे. जर्मन विचारवंत कार्ल मार्क्स यानेही १८६७ च्या आपल्या ग्रंथात मजुराच्या स्वातंत्र्याला दोन बाजू दाखविल्या. मजूर आपले श्रम विकण्यास मोकळा असतो, आणि विकण्याजोगे दुसरे काही जवळ नसल्याने त्या अर्थीही ‘मोकळा’ असतो. मार्क्सचे ईश्वराविषयीचे मत आपल्याला ग्राह्य नाही. पण ही दोन मोकळीकांची गोष्ट खरी आहे.

आता आपल्या शास्त्राच्या अंगाने पाहू. परमेश्वर सर्वसमर्थ आहे. त्याच्या मनात आले तर तो एका क्षणात सर्व जीवांना ओढून आपल्याकडे नेईल, असे आपण म्हणू शकतो. परंतु तो तसे करीत नाही. ज्ञान तो लादीत नाही. जीवाच्या ठिकाणी आस्था उपजण्याची आणि त्याने आपण होऊन अनुसरण्याची वाट पाहतो. अनुसरण हे बळाने घडत नाही आणि बळाने घडलेले ते अनुसरण नव्हे. कारण जीवाला ‘नको’ म्हणता येते, म्हणूनच त्याच्या ‘होय’ला किंमत आहे. यातून स्वातंत्र्याचे लक्षण हाती येते. होकार दिला हे स्वातंत्र्याचे लक्षण नव्हे. नकार देता आला असता आणि तो देऊनही मनुष्य जगला असता, हे त्याचे लक्षण होय.

हे लक्षण फडावर लावून पाहावे. श्रावणात ज्याच्या घरी दाणा नाही, त्याला उचलीला नको म्हणता येत नाही. पौषात ज्याला ताप भरला, त्याला खाड्याच्या भीतीने कोयत्याला नको म्हणता येत नाही. चैत्रात ज्याच्या नावे बाकी निघाली, त्याला पुढच्या दसऱ्याला त्या मुकादमाला नको म्हणता येत नाही. तीन ठिकाणी नकार अडला. अशा होकाराला स्वेच्छा म्हणणे हे शब्दाचे मोल हलके करणे होय.

दुसरा पूर्वपक्ष : हे त्याचे कर्मफळ

आपल्या मंडळींत हा पक्ष अधिक ऐकू येतो, म्हणून त्याचे निरसन काळजीपूर्वक केले पाहिजे. जीव कर्म करतो आणि देवता त्याचे फळ देतात. दारिद्र्य हे पूर्वकर्माचे फळ. मग मालकाने किंवा मुकादमाने काय केले? तो निमित्तमात्र, असे हा पक्ष म्हणतो.

यात सिद्धांत बरोबर आणि उपयोग चुकीचा आहे. कर्मफळाचा विचार ज्याने त्याने स्वतःला लावावयाचा असतो. दुःख भोगणाऱ्याने ‘हे माझे कर्म’ असे म्हटले तर त्याला धीर येतो, द्वेष निवतो, पुढचे कर्म शुद्ध होते. तेच वाक्य दुःख देणाऱ्याने उच्चारले तर ते निरूपण न राहता पळवाट ठरते. देवता फळ देते हे खरे; पण ती मुकादमाच्या वहीत आकडा वाढवून लिहावयास सांगते, असे कोणत्या प्रकरणात आहे? फळ भोगविणारी देवता निराळी आणि लोभाने हात घालणारा जीव निराळा. ज्या हाताने मजुरी कापली, त्या हाताचे ते नवे कर्म झाले, आणि त्याचे फळ त्याच जीवाला आहे. दुसऱ्याच्या जुन्या कर्माच्या आड आपले नवे कर्म लपत नाही.

शिवाय मनुष्यदेह ही कर्मभूमीतील दुर्लभ संधी आहे. ज्ञानाचे श्रवण, नामाचे स्मरण येथेच घडावयाचे. ज्या व्यवहारात मनुष्याची जागी वेळ पहाटेपासून रात्रीपर्यंत दुसऱ्याच्या हिशोबात जमा होते, तो व्यवहार केवळ त्याची मजुरी घेत नाही. त्याची ही संधीही घेतो. स्मरणाला लागणाऱ्या दोन घटकाही ज्याच्या हाती राहिल्या नाहीत, त्याला आपण नामाचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा?

तिसरा पूर्वपक्ष : भिक्षुकही दरिद्रीच

एक सूक्ष्म शंका अशी येते. दारिद्र्य हेच जर बंधन, तर आपला भिक्षुकही बद्धच ठरेल. त्याच्याजवळ घर नाही, शेत नाही, उद्याची भाकरी नाही. मग नित्याटन करणारा साधू आणि ऊसतोडीला निघालेला मजूर यांत भेद काय? दोघेही बोचके घेऊन गाव सोडतात.

भेद आहे, आणि तो आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. भिक्षुकाजवळ काही नाही, पण त्याच्यावर कोणाचे काही नाही. एका दारी भिक्षा मिळाली नाही तर तो पुढच्या दारी जातो. त्या घरधन्याची वही त्याच्या मागे चालत येत नाही. स्वामींनी भिक्षेचा जो आचार घालून दिला, त्यात चारी वर्णांच्या घरी जावे, रुचीसाठी घर निवडू नये, एकाच घराला धरून राहू नये, असा कटाक्ष आहे. त्याचे एक कारण हेही दिसते की, अन्नाच्या निमित्ताने भिक्षुक कोणाचा बांधलेला होऊ नये. म्हणजे सर्वसंगपरित्यागात वस्तूंचा अभाव मुख्य नसून संबंधाचा अभाव मुख्य आहे. मजुराच्या ठिकाणी नेमके उलटे आहे. वस्तू नाहीत, आणि संबंध मात्र घट्ट आहे. साधूने दारिद्र्य स्वीकारले, मजुरावर ते आले. साधूचा उद्याचा दिवस मोकळा, मजुराचा उद्याचा दिवस विकला गेलेला.

म्हणून कोणी साधूने मजुराला ‘आम्हीही असेच राहतो, समाधान मानावे’ असे सांगू नये. आपल्या त्यागाचा दाखला देऊन दुसऱ्याच्या नागवणुकीचे समर्थन करणे हे त्या त्यागालाच लांछन आहे.

स्त्रियांविषयी विशेष

‘कोयता’ या मापात स्त्री अर्धी आहे, आणि हिशोबात ती नाहीच. उचल नवऱ्याच्या हाती, अंगठा नवऱ्याचा, वहीत नाव नवऱ्याचे. फडात मात्र दोघे बरोबरीने राबतात, आणि कोपीवरचा स्वयंपाक, पाणी, मुले ही तिची कामे त्यात मोजलेली नाहीत. तिच्या होकाराचा प्रश्न कोणी काढलेलाच नसतो.

याचा जो परिणाम बीड जिल्ह्यात उघड झाला, तो वाचून कोणाही विचारी मनुष्याची मान खाली जाईल. २०१९ साली राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. याची कारणे अनेक आहेत. खासगी डॉक्टरांनी घातलेली भीती, अस्वच्छता, लवकर झालेले विवाह आणि बाळंतपणे. पण पाळीच्या दिवसांत काम बुडू नये, खाडा पडू नये, हेही एक कारण त्या स्त्रियांच्या बोलण्यात आले.

आपल्या पंथाने येथे गप्प बसता कामा नये. सर्वज्ञांनी आठशे वर्षांपूर्वी ऋतुस्रावाला देहाच्या इतर मळांसारखाच एक देहधर्म मानले, त्याचा विटाळ धरू दिला नाही, आणि स्त्रियांना संन्यासाचा व ज्ञानाचा अधिकार दिला. जो देहधर्म म्हणून स्वामींनी निर्दोष ठरविला, त्याच्यावर दंड बसविणारा खाडा हा आमच्या दृष्टीने निव्वळ हिशोबाचा विषय राहू शकत नाही.

उचल हा उपकार आहे काय?

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे न्यायाने ऐकले पाहिजे. मुकादम म्हणतो, ‘लग्नाला, दवाखान्याला एकरकमी पैसा बँक देत नाही, मी देतो. उचल घेऊन पळून जाणारेही आहेत. तेव्हा ठेकेदार माझे घर-शेत धरतो.’ हे खोटे नाही. पुष्कळ मुकादम कालपर्यंत स्वतः कोयता चालवीत होते, आणि तेही वरच्याच्या वहीत बांधलेले आहेत. उचल एकाएकी बंद केली तर मजूर सावकाराच्या दारी जाईल, हेही खरे.

म्हणून दोष उचलीत नाही. उचलीच्या जोरावर नकार हिरावून घेण्यात आहे. अडल्याला रक्कम देणे हे साहाय्य होय. ती रक्कम फिटू न देणे, फिटली की नाही हे कळू न देणे, आणि आजारपणाचा दंड तिच्यात मिळविणे, हे बंधन होय. लीळाचरित्रात हरिपाळदेवांच्या द्यूताची लीळा आहे. हरलेल्या रकमेसाठी पत्नीजवळ अलंकार मागितले आणि ते मिळाले नाहीत. तेथून संसारसंबंधाविषयीचे औदासीन्य प्रकट झाले. स्वामींना बंध कोणता? पण देण्याचा आकडा मध्ये येताच माणसांचे संबंध कसे उघडे पडतात, हे त्या लीळेने जीवांना दाखविले. ज्याला विरक्ती झालेली नाही आणि ज्याच्या पाठीशी मुलेबाळे आहेत, त्या सामान्य जीवाला देण्याचा आकडा काय करीत असेल, याची कल्पना आपण करावी.

आपले कर्तव्य

शासनाने काय करावे, हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. कायदे पुष्कळ आहेत, रोजगार हमीचा विचार तर याच महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून देशाला दिला. गावातच काम मिळण्याची खात्री असेल तर उचलीला नको म्हणता येते, हे त्या योजनेचे मर्म होते. येथे आपल्या उपदेशी, वासनिक आणि भिक्षुक मंडळींपुरते चार शब्द सांगावयाचे आहेत.

जे वासनिक मजूर लावतात, मग ते सालगडी असोत, कापूस वेचणाऱ्या बाया असोत की कोयते असोत, त्यांनी दानधर्माच्या आधी मजुरी चुकती करावी. पंचावतार उपहाराला सढळ हात आणि मजुराला पुढच्या आठवड्याचा वायदा, हे दान नव्हे. दुसऱ्याच्या पैशाने केलेला तो मोठेपणा आहे.

हिशोब मजुराला कळेल असा असावा, आणि वहीची एक प्रत त्याच्या घरी असावी. केशिराजबासांनी संस्कृतात ग्रंथरचना आरंभिली तेव्हा आचार्य श्रीनागदेवांनी त्यांना थांबविले. त्या भाषेने आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. ज्यांनी ब्रह्मविद्याही सामान्य जनांना कळेल अशा भाषेत ठेवली, त्यांच्या अनुयायांनी उचलीचा आकडा तरी कळेल अशा रीतीने लिहावा.

स्त्रीची मजुरी स्त्रीच्या नावे लिहावी. आजार आणि पाळी यांचा खाडा धरू नये. उचल त्या हंगामात फिटली नाही तर तिच्यासाठी पुढचा हंगाम बांधून घेऊ नये. येणे असेल तर ते येणे म्हणून राहू द्यावे, मनुष्य अडकवू नये.

आणि भिक्षुकांनी, आश्रमांच्या महंतांनी, देणगी स्वीकारताना दात्याला एक प्रश्न विचारावा: आपल्याकडे राबणाऱ्यांचे देणे फिटले आहे ना? हा प्रश्न अवघड आहे. तो विचारल्याने एखादा दाता रुसेल, एखादे सभामंडप अर्धे राहील. पण भिक्षुकाचे स्वातंत्र्य याच ठिकाणी कसाला लागते. दात्याला नको म्हणता येत नसेल, तर आपणही उचल घेतलेलेच ठरू. फक्त आपली वही दिसत नाही एवढेच.

तात्पर्य असे की, मजुरीचे काम स्वभावतः बंधन नव्हे आणि स्वभावतः स्वातंत्र्यही नव्हे. जीवाप्रमाणेच ते दोन्हींस योग्य आहे. योग्य दर, कळणारा हिशोब आणि ‘नको’ म्हणण्याची सोय असेल तर तेच काम मनुष्याला ताठ मानेने उभे करते. ती सोय गेली की तेच काम वेठ होते, मग कागदावर काहीही लिहिलेले असो. अविद्येचा बंध परमेश्वर तोडील. माणसाने माणसाला घातलेला बंध मात्र ज्याने घातला त्यानेच सोडावयाचा आहे. येत्या दसऱ्याला टोळ्या निघण्यापूर्वी आपल्यापैकी ज्यांच्या हाती अशी एखादी वही असेल, त्यांनी ती मजुरासमोर उघडून वाचावी, एवढीच विनंती.